शाळेच्या ग्रंथालयात हातोडीलाही जागा हवी

आज २७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि म्हणून मराठी भाषा गौरव दिन. उद्या २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला, त्याचे हे स्मरण. दिनदर्शिकेत हे दोन दिवस शेजारी शेजारी आहेत, पण आमच्या शाळांत त्यांची एकमेकांशी ओळख नाही. आज ग्रंथदिंडी निघेल, मुली नऊवारी नेसून पालखीपुढे चालतील, पाहुणे मायबोलीची थोरवी सांगतील. उद्या वर्गात विज्ञानाचे दोन-चार नमुने मांडले जातील. त्यांतला एखादा तरी शहरातल्या दुकानातून तयार आणलेला असेल. परवा पालखीतले ग्रंथ कपाटात जातील, नमुने माळ्यावर जातील आणि दोहोंना वर्षभराचे कुलूप लागेल. भाषा विशेषांकाच्या निमित्ताने आम्हांला या कुलपाविषयी बोलायचे आहे.

सीमाभागातील मराठी प्राथमिक शाळेचे ग्रंथालय म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागचे एक लोखंडी कपाट, त्यात शे-दोनशे पुस्तके आणि चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. यात एकट्या मुख्याध्यापकांचा दोष आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुस्तक हरवले तर जाब त्यांना, फाटले तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यांनीच द्यायचे. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे आणि त्यातूनच ग्रंथपालाचे कामही उरकायचे. तेव्हा पुस्तक मुलाच्या हाती जाण्यापेक्षा कपाटात सुखरूप राहिलेले बरे, असा हिशेब आपोआप होतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे त्यांतले पहिले. त्याला नव्वद वर्षे उलटून गेली. आमचे कपाट मात्र अजून पहिल्या सूत्रापाशीच अडून बसले आहे.

हा प्रश्न केवळ कपाटाचा असता तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. प्रश्न मराठी शाळेच्या भवितव्याचा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगते. ते कलम आमचा आधार आहे आणि राहील. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, कर्नाटकातल्याच एका प्रकरणात, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारने लादायचे नाही, ते पालकांनी निवडायचे, असा निर्णय दिला. या निकालाचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. कायदा शाळेचे दार उघडे ठेवील, पण त्या दारातून मूल आत आणण्याचे काम शाळेलाच करावे लागेल. शेजारच्या गावी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. ती पाहणाऱ्या बापाला मराठी शाळेत मूल का ठेवावे याचे उत्तर भाषणातून मिळत नाही. ते त्याला मुलाच्या वहीत आणि मुलाच्या हातात दिसावे लागते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हां सर्वांना त्याचा आनंद झाला. पण भाषेचे पूर्वज कितीही थोर असले तरी तिचे पुढचे आयुष्य चौथीतली मुलगी तिच्यातून काय वाचते, यावर ठरते. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. २०२४ च्या अहवालातही पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. हा देशभराचा हिशेब आहे आणि आमची गावे त्याला अपवाद असतील, असे मानण्याला काही आधार नाही.

दिवाळीचा किल्ला काय सांगतो

यावर उपाय म्हणून आपण मुलांना ‘वाचा’ असे सांगत आलो आहोत. वाचन सप्ताह, वाचन तास, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, हे सारे उपक्रम चांगलेच आहेत. मात्र त्यांत एक उणीव राहते. मुलाने का वाचावे, याचे मुलाला पटेल असे कारण आपण देत नाही. ज्ञान वाढते, संस्कार होतात, ही कारणे मोठ्यांना पटतात. दहा वर्षांच्या पोराला नाही.

हे कारण कुठे सापडते, ते दिवाळीत आपल्या गल्लीतच पाहता येते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सुट्टी लागली की पोरे माती, दगड, पोती गोळा करून किल्ला बांधायला बसतात. कोणी सांगत नाही, कोणी गुण देत नाही. नुसता मातीचा ढीग करायचा असेल तर पुस्तक लागत नाही. पण राजगडच करायचा, असे एकदा ठरले की वाद सुरू होतात. माच्या किती? बालेकिल्ला कुठे? पाण्याची टाकी कोणत्या बाजूला? मग कोणी तरी इतिहासाचे पुस्तक शोधून आणतो, नकाशा काढतो, थोरल्या भावाला विचारतो. तटबंदीतल्या भोकांना जंग्या म्हणतात, हे त्या पोराला कोणी पाठ करून घेतलेले नसते. तटाला भोके पाडताना त्याला त्या शब्दाची गरज पडलेली असते. हा शब्द तो जन्मात विसरत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. जे दिवाळीच्या चार दिवसांत अंगणात आपसूक घडते, ते वर्षभर शाळेच्या ग्रंथालयात घडवून आणावे. पुस्तकाच्या कपाटाशेजारी एक टेबल टाकावे, टेबलाखाली अवजारांची पेटी ठेवावी. करण्यासाठी वाचायचे आणि केलेले लिहायचे, अशी सवय लावावी. वाचन आणि हस्तव्यवसाय हे वेळापत्रकातले दोन वेगळे तास आपण उगाच केले. मुलाच्या दृष्टीने ते एकच काम आहे.

ही कल्पना परकी नाही

अमेरिकेत २०११ साली न्यूयॉर्क राज्यातील फेएटव्हिल या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने अवजारे आणि यंत्रे मांडून वाचकांना वस्तू करू देण्याची सोय केली. पुढे तिथल्या अनेक ग्रंथालयांनी तो कित्ता गिरवला. त्यामुळे ही साहेबाघरची नवी टूम आहे, असे कोणाला वाटेल. तसे ते नाही. आपल्या आसपास ही वाट फार पूर्वी पाडली गेली आहे.

गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक वर्गाची सुरुवात गोष्टींनी करतो आणि मुलांसाठी वर्गातच ग्रंथालय उभे करतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे कोसबाडला गेल्या. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणाचे साहित्य केले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा खेड्यांतल्या शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुलांनी आधी प्रयोग करायचा, मग काय दिसले ते आपल्या शब्दांत वहीत लिहायचे, अशी रीत होती. तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला आणि २००२ साली तिथल्या सरकारने तो बंद केला. चांगले काम सरकारी आदेशावर उभे असेल तर आदेशानेच आडवे होते, हा धडाही त्यातून घेण्यासारखा आहे.

याच होशंगाबादला १९७८ साली टेल्कोतल्या नोकरीतून वर्षाची रजा काढून अरविंद गुप्ता नावाचे तरुण अभियंते गेले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी विज्ञानाची खेळणी केली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉलमधली बारीक रबरी नळी यांतून त्यांनी केलेला सांगाडा आज देशभर ठाऊक आहे. पुढे पुण्यात, डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांचे दुसरे काम तितकेच मोठे आहे. मराठीसह अनेक भाषांतली हजारो मुलांची पुस्तके त्यांनी संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना मोफत खुली केली. खेळणी करणारा हा माणूस पुस्तकेही तेवढ्याच निष्ठेने वाटतो, यात आमच्या शाळांसाठी सारे काही आले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथेही शाळेतून ढ म्हणून बाहेर पडलेली पोरे वेल्डिंग, शेती, वीजकाम करता करता शिकतात.

आपल्या कर्नाटकातच १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलि-कलि’ हा उपक्रम सुरू झाला. नावाचाच अर्थ आनंदाने शिकणे. पुढे तो राज्यभरच्या सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत गेला. म्हणजे कृतीतून शिकवावे, हे इथल्या शिक्षण खात्यालाही नवे नाही.

करायचे काय

पहिले काम फाटक्या पुस्तकांपासून करावे. चौथी-पाचवीच्या मुलांना पुस्तक बांधायला शिकवावे. सुई, जाड दोरा, टोच्या, पुठ्ठा, मांजरपाटाची पट्टी आणि मैद्याची खळ, एवढे साहित्य पुरते. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असते, मुलांच्या खळीत घालू नये. ज्या मुलीने एका पुस्तकाची पाठ शिवली, ती ते पुस्तक दुसऱ्याला फाडू देत नाही. आणि शिवता शिवता चार पाने वाचल्यावाचूनही राहत नाही. पुस्तक फाटेल ही मुख्याध्यापकांची भीती इथेच संपते. फाटले तर शिवू, असे म्हणणारी पाच मुले शाळेत असली की कपाटाला कुलूप कशाला हवे?

याच हातांनी शाळेचे हस्तलिखित सुरू करावे. एके काळी मराठी शाळांत वर्षातून एक हस्तलिखित निघे. ती परंपरा पुन्हा उभी करावी. फक्त त्यात पाठ्यपुस्तकातले निबंध उतरवू नयेत. मुलांनी स्वतः केलेल्या वस्तूंची कृती त्यात यावी.

दुसरे काम काड्यांच्या सांगाड्याचे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. चौकोनात एक तिरपी काडी घातली की तो घट्ट उभा राहतो. हे झाल्यावर मुलांना बाहेर नेऊन कौलारू घराची कैची दाखवावी आणि विचारावे, सुताराने लाकडे अशीच का जोडली? उत्तर शोधायला पुस्तक लागेल, तसेच गावातला सुतारही लागेल.

तिसरे काम पावसाचे. सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटलीचे वरचे तोंड कापून ते तिच्यातच उलटे बसवले की पर्जन्यमापक तयार होतो. तळ वेडावाकडा असतो, म्हणून तिथे खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद करून बाटलीतले पाणी पुन्हा शून्यावर आणायचे. आमच्याच जिल्ह्यात मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला पाऊस कोसळतो आणि अथणीकडे ढगांची वाट पाहावी लागते. दोन्हीकडच्या मराठी शाळांनी जून ते सप्टेंबर आपापल्या नोंदी पत्राने एकमेकांना कळवल्या, तर भूगोलाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. पत्रलेखनाचाही नाही.

चौथे काम शब्दांचे, आणि ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या हे सुताराचे शब्द. ओळंबा, थापी हे गवंड्याचे. कुळव, कुरी, रुमणे, शिवळ हे शेतकऱ्याचे. धोटा, फणी हे शहापूर-वडगावच्या मागावरचे. हे शब्द शब्दकोशात सापडतील, पण मुलांच्या तोंडी येईनासे झाले आहेत. ज्या भाषेत आपण हाताने काही करत नाही, ती हळूहळू आरत्यांची आणि ठरावांची भाषा होऊन बसते. मुलांनी गावातल्या कारागिराकडे जावे, अवजार हातात घ्यावे, चित्र काढावे, नाव लिहावे आणि त्याने काय केले जाते ते चार ओळींत सांगावे. खानापूरच्या केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थेपासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीपर्यंत अशी शाळा जागोजागी उघडी आहे. अनेक मुलांचे वडील तिथेच कामाला जातात.

या शब्दांच्या तक्त्यावर मराठीशेजारी कानडी शब्दही लिहावा. त्यात कमीपणा नाही. आपली कुरी ती त्यांची कूरिगे. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ताही आपल्याकडे कानडीतूनच आला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे एकत्र नोंदले गेले, आणि त्यांत बेळगाव आहे. कारागिराच्या हाताने ही देवघेव केव्हाच मान्य केली आहे.

आक्षेप आणि एक पथ्य

यावर आक्षेप येतील. पहिला, पैसा कुठला? अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी केंद्र सरकार वीस लाखांपर्यंत अनुदान देते, पण ती योजना सहावीपुढच्या वर्गांसाठी आहे. गावच्या प्राथमिक शाळेने तिची वाट पाहत बसू नये. दोन हातोड्या, एक करवत, पक्कड, कानस, कात्र्या, सुया आणि मोजपट्ट्या एवढ्यावर सुरुवात होते. गणेशोत्सवातल्या एका रात्रीच्या डॉल्बीच्या भाड्यात शाळेची पेटी भरेल. यंत्राच्या मागे लागू नये. महागडे यंत्र आले की पहिल्यांदा त्याला कुलूप येते.

दुसरा आक्षेप वेळेचा. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला एक तास पुरेसा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवलेच आहे. त्याच वाटेवरचे हे लहान पाऊल आहे.

तिसरा आक्षेप आम्हांला खरा गंभीर वाटतो. मुले ठोकाठोकीत रमतील आणि पुस्तक बाजूला राहील. असे होऊ शकते; पुष्कळ ठिकाणी ‘कार्यानुभव’ म्हणजे थर्माकोल आणि चमकी एवढेच उरले, हे आपण पाहिले आहे. म्हणून एक पथ्य पाळावे. पुस्तक उघडल्याशिवाय पेटी उघडायची नाही. वस्तू झाली की तिची कृती मुलाने आपल्या मराठीत लिहायची. आणि ती लिहिलेली कृती वाचून दुसऱ्या मुलाने, काहीही न विचारता, तीच वस्तू करून पाहायची. दुसऱ्याला जमली नाही तर लिहिणाऱ्याने पुन्हा लिहायचे. ‘नंतर ते त्यात घाला’ या वाक्यात ‘ते’ म्हणजे काय आणि ‘त्यात’ म्हणजे कशात, हे शिक्षकाने लाल शाईने विचारण्यापेक्षा अडलेल्या सोबत्याने विचारले की लवकर कळते. व्याकरणाची याहून कडक परीक्षा आम्हांला ठाऊक नाही.

याबरोबर एक सावधगिरीही सांगतो. प्रत्येक पुस्तकातून वस्तू निघालीच पाहिजे, असा हट्ट नको. फास्टर फेणे वाचणाऱ्या पोराला त्याच्या सायकलचा पुठ्ठ्याचा नमुना करायला लावू नये. गोष्ट गोष्ट म्हणूनच वाचू द्यावी. टेबलाच्या निमित्ताने मूल कपाटापाशी येते, हाच मोठा फायदा. आणि पेटी उघडेल तेव्हा हातोडी मुलीच्या हातीही द्यावी. झाडू तिच्याकडे आणि हातोडी भावाकडे, ही वाटणी शाळेत तरी नको.

आता कोणी काय करावे, ते स्पष्टच सांगतो. शाळा विकास व व्यवस्थापन समितीने पुढच्या बैठकीत टेबल, पेटी आणि शनिवारचा तास हे तीन विषय घ्यावेत, आणि पुस्तक हरवल्यास शिक्षकाला जबाबदार धरणार नाही, असा ठराव करावा. गावातल्या निवृत्त सुतार, शिंपी, बांधणीवाल्यांना महिन्यातून एकदा मानाने बोलवावे. युवक मंडळांनी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मिळवून द्यावेत. १९७१ पासूनचे हे मासिक आज संगणकावर मोफत वाचता येते, तालुक्याच्या गावी पाने छापूनही घेता येतात. कर्नाटकात ग्रामपंचायतींची ग्रंथालये आहेत आणि मुलांना त्यांचे सभासदत्व मोफत आहे. तिथे मराठी पुस्तकांची फळी मागावी आणि मिळाल्यावर ती वाचून झिजवावी. न वापरलेल्या फळीसाठी पुन्हा भांडता येत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा येथे दरवर्षी भरणाऱ्या साहित्य संमेलनांच्या संयोजकांना आमची विनंती आहे की, मुख्य मांडवाशेजारी मुलांचा एक मांडव घालावा. तिथे हस्तलिखिते आणि केलेल्या वस्तू ठेवाव्यात, आणि पाहुण्यांना आधी तिकडे न्यावे.

आमच्याकडूनही एक शब्द देतो. ज्या शाळेत असे टेबल लागेल, तिथल्या मुलांनी लिहिलेली कृती आमच्याकडे पाठवावी. ती आम्ही मुलांच्या पानावर छापू, नावानिशी आणि गावानिशी. अट एकच. पाठवण्यापूर्वी ती कृती वाचून दुसऱ्या कोणा मुलाने वस्तू करून पाहिलेली असावी.